रिकाम्या खाटेचा रंग

३ फेब्रुवारी, सोमवार

नवं शहर, नवं घर, नवी नोकरी, त्यामुळे वहीही नवी. खोकी अजून अर्धी बांधलेलीच आहेत. चमचे कुठल्या खोक्यात गेले ते कोणालाच ठाऊक नाही. सकाळी नवऱ्याने चहातली साखर स्क्रू-ड्रायव्हरने ढवळली आणि सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. सुरुवात अशी झाल्यावर दिवस वाईट जाणं शक्यच नव्हतं.

ऑफिस आवडलं. एकच लांबट खोली, भरपूर उजेड, माझं टेबल खिडकीशी. शेजारची खुर्ची रिकामी, त्यामुळे पिशवी, डबा, स्वेटर ठेवायची ऐसपैस सोय. आमचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलांच्या वॉर्डात चालतं. सिस्टर बसतात तिथे मोठी स्क्रीन असते. प्रत्येक खाटेची एक चौकट, चौकटीत रुग्णाचं नाव, नाडी, ताप, श्वास. हे सगळं कुठल्या रंगात दिसावं ते ठरवणं हे माझं काम. दिवसाच्या उजेडासाठी एक थीम, अंधारासाठी एक, नजर कमी असलेल्यांसाठी ठळक रंगांची एक. मालकांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणतात. त्यांच्या मते यात काहीच अवघड नाही. रंग काय, भरायचे आणि मोकळं व्हायचं.

घरी सासूबाईंनी विचारलं, नक्की कसलं काम? म्हटलं, पडद्यावरचे रंग ठरवायचे. त्या म्हणाल्या, मग आधी आपल्या बाहेरच्या खोलीतल्या पडद्यांचं बघ, हाताला किती कळकट लागतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माझं काम तपासणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. घाईसाहेबसुद्धा म्हणतात, आणि ते त्यांच्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे असतील. मावशींनी तपासणीसाठी संगणकात एक खोटा वॉर्ड मांडलाय. त्यातले रुग्ण म्हणजे आम्हीच. खऱ्या रुग्णांची नावं वापरायची नसतात आणि खोटी सुचायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. घाईसाहेबांना त्यांनी न थांबणारी उचकी दिलीय, स्वतःला मोडलेला पाय. मला आल्या आल्या गालगुंड झालं. मी तक्रार केली तर म्हणाल्या, जास्त बोललीस तर मूळव्याध देईन.

त्या वॉर्डात एका खाटेला नाव नाही आणि तिची चौकट काही केल्या पुसली जात नाही. माझ्या आधी रंगांचं काम करणारा एक जण होता, त्याची असेल म्हणाल्या. तो कुठे गेला विचारलं. ‘असेल कुठेतरी,’ म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या.

११ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं उठलंय. ज्या हॉस्पिटलसाठी ही थीम करतोय तिथल्या मोठ्या सिस्टर रोज फोन करतात. सध्याची हिरवी-पिवळी स्क्रीन डोळ्यांना टोचते, हे मान्य. म्हणून मी निळा केला. निळा थंड वाटतो. बरं, करडा केला. करडा उदास वाटतो. मग म्हणाल्या, निळाच करा, पण निळा वाटायला नको. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून बसले. घाईसाहेब जाता जाता पाठीमागून म्हणाले, झालं का?

मुख्य घोडं अडलंय ते रिकाम्या खाटेवर. सिस्टरांचं म्हणणं, भरलेल्या खाटांकडे आधी लक्ष गेलं पाहिजे, रिकामी मधे मधे यायला नको. योग्यच आहे. पण कुठलाही रंग घ्या, तो दिसतोच. त्यासाठीच तर रंग असतो! एक मातकट दिसतो, एकात जांभळी झाक मारते, एक अगदीच आजारी. मी दिवसभर करड्याच्या छटा बदलत बसले आणि घरी येऊन नवऱ्यावर उगाच डाफरले. त्याने मुकाट्याने भांडी घासली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुटले! वैतागून मागे रेलले होते आणि शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलायला गेले. लक्षात आलं, त्या खुर्चीच्या पाठीवर नजर ठरतच नाही. बघायला जावं तर डोळे आपोआप पिशवीवर, नाहीतर पलीकडच्या भिंतीवर. कसला रंग म्हणावा तो? धड राखाडी नाही, धड पिवळा नाही. फोनने फोटो काढला, त्यातून रंग उचलला आणि रिकाम्या खाटेला दिला.

जादू. चौकट आहे, पण नजर तिच्यावरून घसरते. घाईसाहेबांनी पहिल्यांदाच थांबून बघितलं. मोठ्या सिस्टरांना स्क्रीन पाठवली तर त्यांनी चक्क आभार मानले. येताना पेढे-बिढे नाही, पण मोठा केक आणला. सासूबाईंनी डबा मांडीवर घेऊन संपवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काल थीम त्यांच्या वॉर्डात चालू झाली. आज इकडे कटकट सुरू. खोट्या वॉर्डात मावशींची खाट भरलेली असूनही रिकाम्याच्या रंगात दिसतेय. मोडलेला पाय तसाच आहे, नाडी चालू आहे, रंग मात्र तो. दुरुस्त केलं, सेव्ह केलं, पुन्हा उघडलं. परत तोच. फाइलमध्ये रंगाचा कोड बदललेला दिसतो आणि स्क्रीनवर मात्र जुनाच रंग. मग मी तो रंग फाइलमधून समूळ काढून टाकला. तरी आहेच. असं होऊच शकत नाही, हे मी आज किती वेळा म्हटलं कोणास ठाऊक. घाईसाहेबांना दाखवलं. ते स्क्रीनकडे बघून म्हणाले, कुठली खाट? म्हटलं, ही, माझ्या बोटाखाली. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, नखाकडे बघितलं, आणि म्हणाले, सगळं छान दिसतंय, आता मागे लागू नका.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चहा आला. सगळ्यांना कप मिळाले, मावशींना नाही. त्यांनी हाक मारली, चहावाला पुढे गेला. मला वाटलं मस्करी चाललीय. मावशींनाही तसंच वाटलं. त्यांनी टेबलावर हात आपटला, हसल्या, परत आपटला. कोणी मान वळवली नाही. मी घाईसाहेबांना जाऊन म्हटलं, मावशींना चहा राहिला. ते म्हणाले, मावशी ना? असतील कुठेतरी.

मावशी त्यांच्यासमोरच उभ्या होत्या. हाताच्या अंतरावर.

मग त्या हसायच्या थांबल्या. मी माझा चहा त्यांना दिला. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला. आणि त्यांची साडी, हात, गाल, सगळ्यावर एक साय धरल्यासारखी — तोच रंग. मी तो रंग आठवडाभर टक लावून बघितलाय, म्हणून मला त्या दिसतायत. दुसरं काय कारण असेल?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हे नीट लिहून काढते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

सकाळी आले, पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवायला वळले. खुर्चीत माणूस बसला होता. चाळिशीचा, दाढी वाढलेली, हात मांडीवर. मी किंचाळले. ऑफिसातल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे कोणी बघितलं नाही.

तो म्हणाला, ‘पिशवी जरा जड असते हो तुमची.’

रोज. मी रोज त्याच्या मांडीवर — पिशवी, डबा, स्वेटर —

तोच, माझ्या आधी रंगांचं काम करणारा. रिकाम्या खाटेसाठी त्याने हाच रंग बनवला होता. नाव नसलेली ती खाट त्याची. खोट्या वॉर्डात ज्याची चौकट त्या रंगाची होते तो माणूस कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि मग त्याचा आवाजही कोणाच्या कानात शिरत नाही. तो गेल्यावर ती थीम आपोआप बाजूला पडली. मग मी आले आणि फोटो काढला. खुर्चीचा नाही. त्याचा.

त्याला विचारलं, घरी का नाही जात? म्हणाला, बायको वाट बघून बघून दुसरीकडे राहायला गेली. नवा पत्ता ती मला सांगणार कशी? इथे निदान दिवे लागतात, माणसं बोलत असतात.

मग म्हणाला, तुमची नावं आधी काढा त्या वॉर्डातून. आत्ताच्या आत्ता. मी काढली. मावशींचं काढलं, माझं काढलं. काढताना बघितलं, माझ्या गालगुंडाची चौकटही कडेने तशी व्हायला लागली होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मावशी घरी गेल्या होत्या. मुलीने दार उघडलं, रस्त्याकडे बघितलं आणि परत लावून घेतलं. मावशी आता ऑफिसातच राहतात. रडत नाहीत. दिवसभर चुकांचे रिपोर्ट लिहून घाईसाहेबांना पाठवतात. ते उघडत नाहीत.

मी घाईसाहेबांना सांगितलं, थीम मागे घ्या. हात जोडले. वॉर्डात खरी माणसं आहेत म्हटलं. ते म्हणाले, आणखी हॉस्पिटलं मागतायत, तक्रार एकाचीही नाही. तक्रार करणार कोण, साहेब? ज्याची तक्रार आहे तो तुम्हाला दिसणार आहे का? सांगून सांगून घसा बसला. मधेच त्यांनी फोन उचलला. माझं वाक्य अर्धंच होतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मावशींना घेऊन हॉस्पिटलात गेले. दारावर कोणी अडवलं नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ उठून बसलेले, ओठांना भेगा, सलाईनची बाटली केव्हाची संपून नळीत रक्त चढलेलं. सिस्टर त्यांच्या शेजारून गेली, खाटेला वळसा घालून, जसा आपण खुर्चीला घालतो. त्यांनी तिचा पदर धरला. तिने खिळ्यात अडकल्यासारखा सोडवून घेतला.

मला बघून ते इतकंच म्हणाले, पाणी देता का, बाई?

मी पाणी दिलं. त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलं, असं सांगत होते. मुलगा रोज येतो, खाटेपाशी उभा राहतो, बाबा कुठे विचारतो. सिस्टर म्हणते, असतील कुठेतरी, तपासणीला नेलं असेल. मुलगा बसतो आणि जातो.

मी धावत मोठ्या सिस्टरांकडे गेले. त्यांना हात धरून खाटेपर्यंत आणलं. त्यांनी खाटेकडे बघितलं, चादर नीट केली — म्हाताऱ्यांच्या पायांवरची चादर — आणि माझ्यावर रागावल्या, की रिकाम्या खाटेसाठी त्यांचा वेळ घेतला.

मावशी म्हणाल्या, तू जा, मी यांच्यापाशी बसते. मला तरी कोण शोधणार आहे?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

केलं. वॉर्डातल्या संगणकावर बसले. सिस्टर माझ्या खांद्यावरून हात घालून पेन घेऊन गेली, मला उठ म्हणाली नाही. ते तेव्हाच कळायला हवं होतं.

रंग बदलत बसले नाही. सगळी थीमच मुळापासून उपटून टाकली. जुनी, टोचणारी, हिरवी-पिवळी स्क्रीन परत आली आणि कोपऱ्यातल्या खाटेची चौकट लालभडक पेटली. मोठ्या सिस्टर ओरडल्या, हे काय घाण रंग! — आणि मग चौकट वाचली. धावल्या. सगळ्या धावल्या. म्हाताऱ्यांभोवती एकदम इतकी माणसं जमली की मला ते दिसेनात. मुलगा आला तेव्हा त्याने बापाचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाला, कुठे होतात? ते म्हणाले, इथेच.

मी आणि मावशी एकमेकींच्या गळ्यात पडलो. मग मावशींनी एका सिस्टरला हाक मारली.

पुन्हा मारली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसातूनही थीम उपटली. खोट्या वॉर्डात घाईसाहेबांची उचकी पहिल्यासारखी हिरवी. मावशींची खाट नाही. माझी नाही. म्हाताऱ्यांची चौकट होती म्हणून ती परत पेटली. आमच्या मी पुसल्या. पेटणार काय?

नाव परत लिहिलं. अक्षरं उमटत नाहीत. खाट येते, नाव येत नाही, खुर्चीतल्या माणसाच्या खाटेसारखंच. दिवसभर टाइप करत होते. बोटं दुखतायत. खुर्चीतला तो माफी मागत होता. मी त्याला काहीतरी फेकून मारलं. त्याने ते उचलून परत टेबलावर ठेवलं.

१ मार्च, शनिवार

नवऱ्याने दोन ताटं वाढली.

मी तिसरं घेतलं, त्याच्यासमोर बसले, त्याच्या ताटातलं लोणचं उचललं. त्याने बरणीतून दुसरं घेतलं. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याने माशी बसल्यासारखा गाल झटकला. सासूबाईंनी विचारलं, ती जेवली का? तो म्हणाला, असेल कुठेतरी, येईल.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, इथेच तर बसलीयस! मग बोलत का नाहीस?’

मी बोलले. त्यांनी ऐकलं. त्यांनी ऐकलं!

३ मार्च, सोमवार

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. त्यांना रंग असे दिसतच नाहीत, नुसत्या सावल्या दिसतात, त्यातली माझी त्या ओळखतात. सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात चाचपून बघितला, बांगडीपर्यंत. म्हणाल्या, हाडं तर सगळी आहेत.

नवऱ्याला त्या सांगतात, ती माझ्या शेजारी आहे. तो त्यांच्याकडे घाबरून बघतो. त्याला वाटतं, आईचं डोकं — आज त्याने डॉक्टरांना फोन केला. नीट दिसायला लागलं की हे भास जातील म्हणाला. परवाच ऑपरेशन.

५ मार्च, बुधवार

सासूबाईंनी नाही म्हणून बघितलं. रुसल्या, जेवल्या नाहीत. तो रडला. आई, तूही अशी वागलीस तर मी कोणाकडे बघू, म्हणाला. ‘तूही’ म्हणाला. म्हणजे त्याच्या आत कुठेतरी मी —

शेवटी त्यांनीच कबूल केलं. मी सांगितलं म्हणून. डोळे त्यांचे आहेत. मी कोण अडवणार?

रिक्षात माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘आज एकच डोळा करतायत. दुसरा तुझ्यासाठी ठेवते.’

६ मार्च, गुरुवार, दवाखान्यात

पट्टी काढतायत. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहून लिहितेय. 

काढली. डोळ्यात पाणी. डॉक्टरांच्या शर्टाचा रंग सांगितला, बरोबर सांगितला. मुलाकडे बघून हसल्या. केवढा वाळलायस रे, म्हणाल्या.

आता इकडे बघतायत. नजर माझ्यावरून — भिंतीवर. परत आली. परत भिंतीवर.

नव्या डोळ्यावर त्यांनी हात ठेवला. जुना उघडा. खोलीभर शोधतायत. नवा डोळा माझ्यावरून घसरायला शिकला, आता जुनाही —

‘अगं, आहेस ना?’

आहे म्हटलं.

परत विचारलं. आहे, आई, इथे, पायाशी. त्यांनी हात पुढे केलाय, हवेत. मी धरला, घट्ट, बांगडीवर नेला. बोटं फिरतायत — थांबली —

परत विचारतायत. मी ओरडून सांगतेय, आई, आहे, मी